पन्नासची लेन्स

प्रिय अमगद,

माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवू नकोस. नऊ वर्षांत पहिल्यांदा लिहितेय, आणि तेही कॅमेऱ्याबद्दल. तुझ्या आईने बासष्टाव्या वर्षी कॅमेरा घेतलाय, मोठा, लेन्स बदलता येणारा. पुढच्या शुक्रवारी दिमियाना वेदीपुढे पहिल्यांदा पवित्र भाकर घेणार, तिचं पहिलं कम्युनियन आहे, तेही माझ्याच शाळेच्या चॅपेलमध्ये, हे नर्गिसमावशीकडून कळलं. नातीला पांढऱ्या झग्यात पाहायचं होतं. बोलावणं नव्हतं, मागायला तोंडही नव्हतं. म्हणून बेत केला, शेवटच्या बाकावर खांबाआड बसायचं, लांबून फोटो काढायचे आणि गुपचूप निघून यायचं.

रमल स्थानकामागे शुक्रींचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. मला चकचकीत नवा हवा होता. ते म्हणाले, "मादाम, सगळे पैसे कॅमेऱ्याच्या डब्यातच घातलेत तर पुढे काय लावाल, चष्मा?" मग एक वापरलेला काढला. खटका अठ्ठावीस हजार वेळाच पडलाय, अजून पुष्कळ चालेल म्हणाले. "म्हणजे माझ्या गुडघ्यांपेक्षा बरा," मी म्हटलं. त्यांनी चहा मागवला.

उरलेल्या पैशांत एकच लेन्स येणार होती. मी लांबचं टिपणारी मागितली. फोटो चॅपेलमध्ये काढायचेत हे ऐकून त्यांनी मान हलवली. "या किमतीतली लांबची लेन्स अंधारात आंधळी. चेहरा काळा येईल, नाहीतर हललेला. ही पन्नास मिलिमीटरची घ्या. स्वस्त आहे, मंद उजेडातही पाहते. फक्त चार पावलांवर उभं राहावं लागेल." तेवढं जवळ मला जाता येणार नाही, मी म्हटलं. "का? मुलगी कोणाची?" "माझी नात." ते हसले, "आजीला मागे कोण बसवतं?" कोणी बसवलं नव्हतं. मीच जाऊन बसले होते.

शाळेची बारा वर्षं मी त्या चॅपेलमध्ये कॅथलिक नन्सबरोबर गायले. घरी आपल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास धरले. दोन्हीकडे देव एकच वाटायचा. आणि तू कारोलशी तिच्या कॅथलिक चर्चमध्ये लग्न करतोयस म्हटल्यावर तुझ्या मामांचं ऐकलं, "त्यांच्या वेदीपुढे उभा राहिला की तो आपला राहणार नाही." तू तिथे उभा होतास तेव्हा मी स्वयंपाकघरात वांगी तळत होते, तुला आवडतात तशी, आणि खायला कोणी नव्हतं. तुझ्या लग्नाचा एकही फोटो मी पाहिलेला नाही.

मी पन्नासची घेतली. आवडली नाही तर आठवड्यात बदलून देतो, शुक्री म्हणाले. मला बदलायची नाही. म्हणून विचारते, शुक्रवारी मला पुढे उभं राहू द्याल? कारोलची क्षमा मी स्वतः मागायला हवी, म्हणून तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी आत ठेवलीय. ती आधी तिला दे. नाही म्हणालात तर मी येणार नाही, लपूनही नाही. हो म्हणालात तर एवढंच कळव, दिमियाना मेणबत्ती कोणत्या हातात धरते. ज्योतीचा उजेड तिच्या ज्या गालावर पडेल, त्या बाजूला मला उभं राहायचंय.

तुझीच,
आई