काळ्या तेलाची करवंटी

आये, आज जीपचं ऑइल बदललं. हे तुला कळवायची काय गरज, असं कुणी म्हणेल. पण घमेलं हातात घेतलं की तू आठवतेस, आणि ती आठवण सुखाची नाही. तुला जाऊन सहा वर्षं झाली. किन्हवली ते शहापूर फेऱ्या मी अजून मारतोय, जीप तीच, माझं डोकंही तसंच तापट. परवाच एका पॅसेंजरला अर्ध्या वाटेत उतरवलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "गाडी तापली का तूच तापलास रं?"

आता मी कसं करतो ते ऐक. इंजिन जरा चालवतो, बंद करतो, हाताला सोसेल इतकं निवू देतो. चाकांना दगड लावतो. मग खाली तुझं ते पसरट घमेलं सरकवून नट सोडतो आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत उकिडवा बसून राहतो. जुना फिल्टरही त्यातच पालथा घालून निथळू देतो. नरसाळ्याने सगळं कॅनमध्ये ओततो, झाकण घट्ट लावतो आणि कॅन शहापूरच्या गॅरेजात नेऊन देतो. तिथे जळक्या ऑइलचं वेगळं पिंप असतं, ते भरलं की शुद्ध करणारे घेऊन जातात. रेडिएटरचं हिरवं पाणी मात्र त्यात मिसळत नाही, ते वेगळ्या बाटलीत बंद. ते गोड असतं म्हणे, कुत्री चाटतात आणि मरतात. पुसायची फडकीसुद्धा चुलीत जाऊ देत नाही. वाडीतली पोरं हसतात, "काका, पूजा मांडलीय काय?" हसू देत मेल्यांना.

तेव्हा मी असा नव्हतो. जीप सेकंडहँड असली तरी आपल्याला नवीच होती, आणि माझ्या डोक्यात तिचीच हवा. विहिरीच्या वरच्या अंगाला, कुंपणापाशी मी एक खड्डा खणला होता. दर वेळचं जळकं ऑइल त्यात. तू भांडी घासता घासता बघायचीस. एकदा म्हणालीस, "अरं, जमिनीला काय पाजतोस ह्ये?" मी म्हटलं, "आये, तेल जमिनीतूनच येतं. परत जमिनीत गेलं तर काय बिघडलं?" काय ती अक्कल! वर स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसलो. तू आपली करवंटीभर ऑइल बाजूला काढून ठेवायचीस, घराच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून, आणि विहिरीचा रहाट कुरकुरू नये म्हणून. बाकीचं खड्डा पीत राहिला, चांगली चार वर्षं.

मग त्या श्रावणात विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग आला. हंड्याला रॉकेलसारखा वास. विहीर आपली, पण पाणी सगळ्या वाडीचं. सकाळी सकाळी बायका काठावर जमल्या. तिसऱ्या घरातली काकी, तुझ्याबरोबरच नवरी होऊन ह्या गावात आलेली, हंडा पालथा करून म्हणाली, "ही घान आली कुठनं गो?" आणि सगळ्यांनी माझ्या जीपकडं बघितलं. मी काही बोलायच्या आत तू पुढं झालीस. "माज्या हातनं करवंटी पडली. रहाटाला तेल घालीत व्हते."

आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडलो. "डोळे फुटले होते काय तुझे? वाडीचं पाणी नासवलंस!" तू पदर सारखा केलास, खाली बघितलंस. "चुकला रं बाला," म्हणालीस. मला म्हणालीस.

विहीर दोनदा उपसली, तरी दिवाळीपर्यंत कुणी ते पाणी प्यायलं नाही. ओहोळापलीकडच्या विहिरीवर जावं लागे, चिखलातनं. काकीचे गुडघे तेव्हापासूनच धरलेले. तू आधी तिच्या दारात हंडा ठेवायचीस, मग आपला आणायला परत जायचीस. एकदा घसरलीस, कोपर सोलवटून घेतलंस, हळद दाबलीस आणि भाकऱ्या थापायला बसलीस. मी शेजारी बसून जेवलो. पुढं एक दिवस तू शेण-माती वाहायचं हे घमेलं जीपपाशी आणून ठेवलंस. "ह्याच्यात काढीत जा. आनि गावात कुठं वतू नको." एवढंच. खड्ड्यापाशी गेलो तर तो मातीनं बुजवलेला, वर जात्याची जुनी तळी. कुणी बुजवला, ते मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात विहिरीतला गाळ काढला. काकी काठावर बसलेली. म्हणाली, "तुज्या आयचा हात कदी सुटला नाय रं. त्याच दिशी कसा सुटला, देव जाणं." मी म्हटलं, "हो ना काकी." तर म्हणते, "पन पोरगा शिकला. गाडीचा येक थेंब सांडीत नाय." तेही मी ऐकून घेतलं, आये. मान हलवली.

बायकोला मी सांगितलंय की मला हे सगळं तू गेल्यावर कळलं, संडासाचा खड्डा खणताना माती विहिरीकडं काळी होत गेलेली दिसली तेव्हा. ते खोटं आहे. त्या सकाळी माझी नखं काळी होती. तीन दिवसांपूर्वीच मी खड्ड्यात ऑइल ओतलं होतं. तू तोंड उघडायच्या आधीच मला ठाऊक होतं. आणि तू करवंटीचं नाव घेतलंस ना, तेव्हा मला हायसं वाटलं. म्हणून तर एवढा मोठ्यानं ओरडलो.

हे पत्र जाणार कुठं? जायचंच असेल तर तिसऱ्या घरात जायला हवं. काकी दारात तांदूळ निवडत बसलीय, इथनं दिसतेय. आणि मी तुलाच लिहीत बसलोय.