बोटांना कळणारी नाणी

४ नोव्हेंबर, मंगळवार

भिंगवाल्यांनी आज अब्रूच काढली! त्यांच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात माझे सगळे ट्रे घेऊन गेलो होतो – म्हटलं, जरा कौतुक होईल. एकतीस वर्षांत जमवलेली चारशे बारा नाणी. डोळ्याला भिंग लावून तासभर बघितली आणि म्हणाले, "हा संग्रह नाही हो, धर्मशाळा आहे. जो आला त्याला घेतला आत. एक काहीतरी धरा! एक राजा धरा, एक धातू धरा, एक टांकसाळ. नाहीतर एखादा प्राणी धरा. पण धरा!"

बरोबरच आहे त्यांचं. पण त्यांना काय सांगू? रक्तातल्या साखरेनं डोळ्यांचा मधला भाग खाल्लाय. कडेचं दिसत राहील, नेमकं समोरचं जाईल. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वर्षभर. फार तर.

वर्षभरात काय धरू?

६ नोव्हेंबर

काही धरवत नाही. बैलाची नाणी काढली, तर घोडा रुसल्यासारखा वाटला. घोडा घेतला, तर ते आहत तुकडे आठवले – पातळ, वाकडे, चांदीचे, त्यावर सूर्य, डोंगर, झाडाचे इवलेसे ठसे ठोकलेले. त्यातला सूर्यवाला माझा पहिला. लग्नाच्या वर्षी घेतलेला. बायको तेव्हा म्हणाली होती, "याला नाणं म्हणतात? पत्र्याचा कपटा वाटतो!"

सूर्य आज दिसला नाही. भिंगातूनही नाही. मधे नुसता धुरकट डाग.

८ नोव्हेंबर, शनिवार

लाज! लाज! लाज!

मागच्या महिन्यात घेतलेला चांदीचा राजा भिंगवाल्यांना दाखवला. त्यांनी काठावरून नख फिरवलं आणि नाणं माझ्याकडे सरकवलं. साच्याची शिवण आहे – म्हणजे ओतीव, म्हणजे नकली. नकली कसं ओळखायचं हे त्यांना मी शिकवलंय! एवढं म्हणाले, "होतं असं." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घरात चिडचिड केली. चहाचा पेला उचलला, तर बायको ओरडली, "अहो, उकळता आहे, हात भाजेल!" मला काही वाटलं नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेले हात आहेत, म्हटलं. तिनं पेला काढून घेतला आणि माझ्या बोटांकडे बघत बसली.

मग म्हणाली, "दिसत नाही म्हणून काय रडत बसता? डोळे मिटून बघा की! घड्याळातला केसाएवढा स्क्रू चाचपून सांगायचात."

अरे! हे मला कसं सुचलं नाही?

१३ नोव्हेंबर

ठरलं. विषय मिळाला! ना राजा, ना धातू – उठाव. जाड नाणी, ठसठशीत चेहऱ्यांची. बोटांना कळणारी. असा विषय कुणी धरला नसेल.

नाणं कडेनं धरायचं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही – हा नियम एकतीस वर्षं पाळला. आज मोडला. दाढीवाल्या राजाच्या गालावरून अंगठा फिरवला. चोरी केल्यासारखं वाटलं.

फार काही कळलं नाही, पण सवयीनं येईल.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज परीक्षा! बायको ट्रेमधून एकेक हातात देणार, मी डोळे मिटून ओळखणार. निवडलेली पाचच.

पहिलं – दाढीवाला. जरा वेळ गेला, पण म्हटलं. ती उठून आत जाऊन आली. मग म्हणाली, "बरोबर." दुसरं – घोडा. बरोबर! बैल, बरोबर. गरुड, बरोबर. शेवटचंही जरा हलकं लागलं, म्हटलं झिजलं असेल – शिरस्त्राणवाला! "बरोबर," म्हणाली. पाचपैकी पाच! मी तिला धरून गोल फिरवलं. गुडघा धरला, पण फिरवलं! ती हसता हसता डोळे पुसत होती. वेडी आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

भिंगवाल्यांशी अदलाबदल केली. सपाट, पातळ, बारीक ठशांचं सगळं त्यांना. मला जाड उठावाची अकरा नाणी. सूर्यवाला देताना हात अडला. ते म्हणाले, "ठेवा हवं तर." मी म्हटलं, नाही. धर्मशाळा बंद म्हणजे बंद.

बायको सोबत होती. दारापर्यंत दोनदा काहीतरी बोलायला लागली, दोनदा थांबली. थंडी बोचत होती आणि तिच्या कोटाला वर बटणाऐवजी सेफ्टी पिन. किती दिवस सांगतोय, बटण लाव म्हणून! म्हणाली, "सापडत नाहीये."

१९ नोव्हेंबर

भिंगवाल्यांचा फोन. आहत नाणी परगावच्या एका संग्राहकाकडे गेलीसुद्धा. "चांगल्या घरी पडली," म्हणाले. मुलगी दिल्यासारखं.

नव्या अकरांमध्ये कोण कुठला, अजून लागत नाही. सगळे सारखेच लागतात. बायकोला म्हटलं, परत परीक्षा घे. म्हणाली, "आज नको, काम आहे."

२० नोव्हेंबर, गुरुवार

साखरेच्या डॉक्टरांकडे नेहमीची तपासणी. पाय बघून झाले, म्हणाले, हातही बघू. डोळे मिटायला सांगितले. "टोचलं की सांगा."

मी बसून राहिलो. बराच वेळ. शेवटी म्हटलं, "टोचा की!"

म्हणाले, "केव्हाच टोचलं. चार बोटांना."

डोळे उघडले. कडेच्या नजरेनं दिसलं – अंगठ्यावर रक्ताचा थेंब.

२० नोव्हेंबर, संध्याकाळ

बायकोला विचारलं, रविवारी काय दिलं होतंस हातात?

भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली. "पहिलं नाणंच होतं. घोडा होता, तुम्ही दाढीवाला म्हणालात. मग खात्री करायला कोटाचं बटण दिलं." 

किती वेळा?

"उरलेल्या चारही वेळा." मग म्हणाली, "इतक्या दिवसांनी हसलात हो. कसं सांगणार होते मी?"

२१ नोव्हेंबर

बटण मागून घेतलं. ट्रेच्या पहिल्या खणात ठेवलंय, सूर्यवाल्याच्या जागी.