बारावा ठसा

३ नोव्हेंबर
भिलाईला पोचलो. पावर हाउस स्टेशनला उतरलो तर शामराव साहेब स्वतः घ्यायला आलेले. पोलाद प्लांटमधून निवृत्त आहेत. दहावी नापास असून त्यांच्याकडे चित्रं छापायचं काम मिळालं, आईला फोन केला. त्यांच्या घरभर जुनी एचिंगची चित्रं लावली आहेत. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोदतात. शाई चोळून वरची पुसायची, ती रेघांतच उरते. मग ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. चित्र उलटं उमटतं.

५ नोव्हेंबर
मला छापायला दिलेला पत्रा: तलाव, झाड, वर रिकामं आकाश. शेवटचं पुसणं उघड्या तळहाताने. मी फडकं उचललं तर साहेब म्हणाले, "काऊन रे पीयूष, हात काळा करायले घाबरून राहिला? नवरदेव आहे काय तू?" तीन ठसे काढले. सुरेख.

९ नोव्हेंबर
सिम घ्यायला गेलो. चार वेळा अंगठा लावला, मशीन घेईना. शाई काढायच्या रॉकेलने झिजला असेल.

१२ नोव्हेंबर
आठव्या ठशात आकाश रिकामं नाही. भिंगातून पाहिलं. माझी आयुष्यरेषा, विळ्याची जुनी खूणसुद्धा. माझा तळहात मात्र आता गुळगुळीत आहे.

१४ नोव्हेंबर
अकरा झाले. स्वयंपाकाच्या भागाबाईंना हात दाखवला. त्यांनी दार लोटलं. "आमच्या ह्यायचाबी असाच झाला होता, बापू." त्यांचे यजमान धोंडबा आधी हेच काम करायचे. बारा ठसे झाले की साहेब पत्र्यावर आडवी चीर मारतात, पुन्हा कोणी छापू नये म्हणून. ती मारली त्याच दुपारी धोंडबा जेवता जेवता गेले. छातीवर आडवा वळ होता. मग तुम्ही इथे का राहता, विचारलं. म्हणाल्या, त्यांचा हात इथंच भिंतीवर आहे.

१५ नोव्हेंबर, सकाळ
पत्राच नसेल तर चीर कशावर मारतील? कपाटात दोन होते, दोन्हींवर तलाव आणि झाड, चीर एकावरही नाही. झाड डावीकडे आहे तो घेतला, ठशात तसंच आहे. निघालो.

दुर्ग स्टेशन
ठशात डावीकडे. म्हणजे पत्र्यावर उजवीकडे. एवढं शिकूनही — हा माझा नाही. माझा साहेबांच्या घरीच राहिला. परत जातो.

दुपारी ३
यंत्राच्या खोलीला आतून कडी. विनवण्या केल्या. साहेब आतून शांतपणे म्हणाले, बारावा मीच पुसला, छान आला, तू जेवून घे. भागाबाई दारावर डोकं आपटताहेत. आईला कळावं म्हणून लिहितो —

आत पत्र्यावर पट्टी ठेवल्याचा आवाज.

डाव्या खांद्याखाली गार —

सरकतंय — छातीच्या मध्या