मागच्या खोलीतला वास

४ फेब्रुवारी

चि. भाचेबुवांस, मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पगारातून शिल्लक टाकून एक घर घ्यायचं, ते भाड्याने द्यायचं आणि त्या भाड्याच्या जोरावर दुसरं बघायचं, हा तुझा बेत वाचला. मीही रंगाच्या बादल्या उचलता उचलता एका खोलीपासूनच निघालो, आणि आज पाच भाडेकरू मला पाहिलं की जिना चुकवतात. फोन न करता लिहिलंस ते उत्तम. फोनवर माणूस भरीला पडतो, कागदावर जरा विचार करतो.

आता कान देऊन ऐक. घर आवडलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. भिंतीला तडा आहे, नळ गळतो, असल्या खोडी काढण्यात अर्थ नाही. मालक म्हणतो दुरुस्त करून देतो, की विषय संपला. माझा हुकमी पत्ता वेगळा आहे. मागच्या एखाद्या खोलीत शिरायचं, दोन पावलांवर थबकायचं, नाकाला हलकेच बोट लावायचं आणि काही न बोलता बाहेर यायचं. काय झालं म्हणून मालक विचारतोच. आपण म्हणायचं, काही नाही हो, इथे थोडा वास येतो का. एवढंच. वासाला टेप लावता येत नाही आणि स्वतःच्या घराचा वास कोणालाच कळत नाही, त्यामुळे तो भांडतही नाही. पाचातली तीन घरं मी अशी नाकाने घेतली आहेत.

तुझी मामी म्हणते, वेळेवर जेवत जा असं लिहा. लिहिलं.

लोभ असू दे, फक्त विकणाऱ्याला दिसू देऊ नकोस.

तुझा मामा


१९ फेब्रुवारी

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

घर ठरलं. विसार देऊन आलो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला, उजेड भरपूर. मालक म्हणजे बसवरून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका. बायको मागच्या वर्षी गेली, आता ते मुलीकडे राहायला जाणार आहेत. घर इतकं लख्ख, की चपला कुठे काढाव्यात याचा मला प्रश्न पडला. खोड काढायला काही म्हणता काही सापडेना. शेवटी तुमचा पत्ता टाकला. मागच्या खोलीत गेलो, थबकलो, बोट लावलं.

मामा, जादूच झाली. तोवर काका किमतीवर पहारेकऱ्यासारखे उभे होते. वासाचं काढलं आणि त्यांचा पहाराच सुटला. खोलीत जाऊन स्वतः दोन-तीनदा हुंगून आले. मग खालच्या आवाजात विचारलं, की फार येतो का. मी म्हणालो, फार नाही, पण येतो. पुढे मी जो आकडा बोललो त्याला त्यांनी मान हलवली. दलालसुद्धा माझ्याकडे बघत राहिला.

आनंद आहेच. पण त्यांनी थोडं भांडायला हवं होतं असं मला उगाच वाटत राहिलं. पहिलटकराचं काळीज, दुसरं काय.

मामींना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर आहे तोवर मला घाबरायचं कारण नाही.

तुमचा भाचा


२४ फेब्रुवारी

चि. भाचेबुवांस, आशीर्वाद.

शाबास. गुरूची विद्या शिष्यालाही फळली. काळीज ताबा मिळेपर्यंत खिशात ठेव. भाडेकरू बघताना त्याचा पगार विचारू नकोस, आधीचं घर का सोडलं ते विचार आणि मग गप्प बस. जो पहिल्या घरमालकाला शिव्या घालतो तो दुसऱ्यालाही घालणारच.

मामी विचारते, घर मिळालं, आता घरात येणारी कधी. मी फक्त निरोप्या आहे, माझ्यावर चिडू नकोस.

आहे तशी माया राहू दे.

मामा


३० मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

ताबा मिळाला, पण भाडेकरू ठेवलेला नाही. का ते लिहिताना मला मान वर करवत नाही.

किल्ली घ्यायला गेलो तेव्हा घरभर फिनेलचा दर्प होता. मागच्या खोलीला नवा रंग दिलेला, खिडकीचे पडदे गेलेले, कपाट भिंतीपासून ओढून मागची फरशी घासलेली. विकलेल्या घरासाठी हे कशाला, असं मी विचारलं. काका म्हणाले, की तुमच्याकडे माणसं येतील, त्यांना त्रास नको. मग त्यांनी मला खोलीत नेलं आणि आता येतो का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही.

त्यांची मुलगी मला जिन्यात गाठून म्हणाली, की बाबांनी काय ध्यास घेतलाय कळत नाही. आई वर्षभर त्या खोलीत पडून होती. बाबांनी तिचं सगळं स्वतःच्या हाताने केलं, कोणाला हात लावू दिला नाही. आता म्हणतात, मी तिला नीट ठेवलं नाही. भेटायला येणारे सगळे नाक दाबून बसत असतील, तिलाही कळत असेल, आणि मला एकट्यालाच कळलं नाही. आमच्याकडे ते दाराजवळ बसतात, दोनदा आंघोळ करतात, नातवाला मांडीवर घेत नाहीत. बाबांच्या मनात हे कोणी घातलं असेल, असं तिने मलाच विचारलं. मी किल्ली खिशात टाकून जिना उतरलो.

परवा मिठाईचा पुडा घेऊन त्यांच्या मुलीकडे गेलो आणि काकांना सांगून टाकलं, की वास नव्हता, भाव पाडायला मी खोटं बोललो. फरकाची रक्कमही परत देऊ केली. त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाले, तुमच्यावर चांगले संस्कार आहेत, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलता. पैशाला हात लावला नाही. पुढे म्हणाले, की वास असलेल्या घराचे तुम्ही दिले तेवढे पुष्कळ झाले.

खोटं एका झटक्यात खरं वाटलं, आणि खरं गळी उतरत नाही. आता काय करू ते तुम्ही सांगा. मला दुसरं घर नको.

तुमचा भाचा


९ एप्रिल

चि. भाच्यास, आशीर्वाद द्यावा की नाही या विचारात मामा.

तुझं पत्र आधी मी वाचलं, मग मामीने मागून घेतलं. तीन घरांचं तिला आजवर माहीत नव्हतं, तेही मला सांगावं लागलं. तिने पत्राची घडी घातली, माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, की त्या तिघांचं पुढे काय झालं. मला माहीत नाही म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

तुला न कळवता काल मुलीच्या घरी जाऊन काकांना भेटून आलो. विद्या माझी, भाच्याने फक्त वापरली, हे सांगितलं. ते समजुतीने हसले. मामा म्हणून तुम्हीही धावून आलात, म्हणाले. तेव्हा मला उमगलं, की या माणसाला सांगून उपयोग नाही. त्यांना म्हणालो, काही बोलू नका, फक्त बघा.

मुलगी चहा घेऊन आली. मी कप तोंडाशी नेला, थबकलो, नाकाला बोट लावलं आणि कोपऱ्याकडे पाहिलं. काय झालं, तिने विचारलंच. काही नाही, मी म्हणालो, थोडा वास येतो का हो इथे. तिने कोपऱ्यात वाकून हुंगलं. पडदा हुंगला. म्हणाली, हो, दोन दिवस मलाही शंका येतेय, मोरीच्या नळीचा असेल. खिडकी उघडली. पाहुण्यासमोर असं व्हावं म्हणून माफी मागितली, आणि तिचं तोंड कानापर्यंत लाल झालं.

भाचेबुवा, हा प्रयोग मी आयुष्यभर केला, पण बोट लावल्यावर मी नेहमी भिंतीकडे बघायचो. माणसाच्या तोंडाकडे काल पहिल्यांदा पाहिलं.

काकांनीही पाहिलं. बराच वेळ लेकीकडे बघत होते. मग तिला म्हणाले, बाई, वास नाहीये, बस खाली. आणि मला विचारलं, हिच्या आईच्या खोलीतही असाच नव्हता का. मी म्हणालो, असाच नव्हता. ते उठले, कप माझ्या हातातून काढून घेतला आणि दार दाखवलं. फरकाचे पैसे पोराने स्वतः आणून द्यावेत, मामाच्या हाती पाठवू नयेत, असं बजावलं. तेव्हा पत्र मिळताच जा. देतील त्या शिव्या घे, उलटून बोलू नकोस, आणि पुडा-बिडा नेऊ नकोस. माझ्या तीन घरांचे मालक कुठे गेले याचा तपास मी आजपासून सुरू केला आहे. सापडतील तेवढे सापडतील.

माझे कान किती तिखट आहेत ते तुला ठाऊक आहे. दार लागलं आणि आत काकांचा आवाज चढला. मला लावलेलं एकेक विशेषण ऐकू येत होतं, बसच्या डेपोत चालतं तसलं, खणखणीत. मुलगी गप्प करत होती, ते होत नव्हते. पायऱ्या उतरून निघून जाता आलं असतं. मी जिन्यात उभा राहून सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

झेपेल तेवढी माया ठेव.

मामा