प्रिचर्डसाहेबांची नऊ वर्षं

सेंगकांग, सिंगापूर
१२ ऑगस्ट २०१४

तीर्थरूप शिरीषमामांना प्रबोधचा वाकून नमस्कार.

आम्ही तिघं ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मामींना फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांनाच विचार." दिवाळीपासून तुम्ही माझा फोन घेत नाही. कारण मला ठाऊक आहे. म्हणून हे कागदावर. (इथे टपालाचं तिकीट कुठे मिळतं हे शोधण्यात एक शनिवार गेला.)

आमच्या कंपनीत सुरक्षाप्रमुख म्हणून प्रिचर्ड नावाचे इंग्रज साहेब आले आहेत. तिकडच्या एका जिल्ह्याचे निवृत्त असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे नावात कॉन्स्टेबल असला तरी फार वरचा हुद्दा. उंची सव्वासहा फूट. ते लिफ्टमध्ये शिरले की आम्ही सगळे विनाकारण आपापले पास चाचपतो. त्यांच्या स्वागत समारंभासाठी कारकिर्दीच्या स्लाइड्स करायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी एक कागद दिला. बत्तीस वर्षं, सात हुद्दे. दंगली, खून, राजघराण्यातल्या एका लग्नाचा बंदोबस्त. मी तो कागद दोन्ही हातांनी धरला होता. तळाशी लिहिलं होतं : शिपाई, पायी गस्त, नऊ वर्षं. मला वाटलं, मोठ्या माणसाचा विनय. आपल्याकडे साहेब हा साहेब म्हणूनच येतो आणि शिपाई फार तर हवालदार होऊन घरी जातो. साहेबांना चारचौघांत कमीपणा नको, म्हणून ती नऊ वर्षं मी आदराने गाळली. (शेवटच्या हुद्द्यातला 'कॉन्स्टेबल'ही गाळणार होतो, पण मग हुद्दाच उरेना.)

समारंभाला दीडशे माणसं. स्लाइड आली. पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांनी चष्मा चढवला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "माझी नऊ वर्षं कुठे गेली?" आमचा मॅनेजर लिम माझ्या कानाशी पुटपुटला, "प्रबोध, यू डाय आलरेडी, ला." (म्हणजे, मेलास तू. 'ला' हे इथल्या बोलण्याचं शेपूट.) मी उभा राहिलो. मी गाळली म्हणालो. का गाळली तेही सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्यांच्याकडे प्रत्येक जण शिपाई म्हणूनच भरती होतो, ते म्हणाले. आणि पोलिसाचं काम त्यांनी केलं ते त्या नऊ वर्षांतच. पुढची तेवीस वर्षं बैठका. एका म्हातारीचं हरवलेलं बदक त्यांनी दोनदा शोधून दिलं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. (खुनांबद्दल सांगताना बदलला नव्हता.) मग मला विचारलं, "तुमच्या घरात कोणी पोलीस?"

मामा, मी खरं सांगितलं. माझे मामा. चौतीस वर्षं रस्त्यावर, निवृत्त हवालदार.

साहेब खुर्चीतून उठले. (सव्वासहा फूट उठायला वेळ लागतो.) म्हणाले, "चौतीस? मला नऊच झेपली."

गुडघ्याला तेल लावत जा. मामींना नमस्कार.

तुमचा,
प्रबोध

ता. क. दिवाळीत तुम्ही इथे होतात तेव्हा मी शेजाऱ्यांना सांगितलं, मामा 'गृहखात्यात' होते. तुम्ही ऐकलंत. पुढचे आठ दिवस तुम्ही पोलिसातलं काहीच बोलला नाहीत. आमची जाई रोज विचारायची, "आजोबा, चोर कसा पकडला?" तुम्ही तिलाही सांगितलं नाहीत. माझं चुकलं. (हे वर लिहायला हवं होतं. वर जमलं नाही.)

ता. क. २ : डिसेंबरात या. जत्रेतली दहा हजार माणसं एका शिट्टीवर कशी आवरतात, हे साहेबांना तुमच्याकडून ऐकायचं आहे. तुम्ही याल असं मी सांगून बसलो आहे. शिट्टी आणा.

ता. क. ३ : मामींनी दिलेला तुमचा गणवेशातला फोटो कपाटातून काढून बाहेरच्या खोलीत लावला. भिंतीला भोक पाडायची परवानगी नव्हती. घरमालकांचा फोन जाईने घेतला आणि सगळं सांगून वर बजावलं, "माय आजोबा पोलीस, ला." ते डिसेंबरात पाहणीला येणार आहेत. तेव्हा घरात तुम्ही असलेले बरे.