पुलानंतरचे गिअर

प्रिय छोट्या,

तू पोहोचल्याचा निरोप मिळाला. पाहुणे गेले, घर ओकंबोकं झालं. बाबांची खाट मी आवरली, पण दारातल्या त्यांच्या चपला हलवायला हात होत नाही. येताजाता त्यांना वळसा घालून जाते. फोनवर मला हे सांगता येणार नाही. दोन वाक्यं झाली की मी रडायला लागते आणि तू नुसता ताई, ताई करत बसतोस. म्हणून लिहिते आहे. बाबांना दवाखान्यात कसं नेलं ते तू सगळ्यांकडून तुकड्यातुकड्यांत ऐकलंस, माझ्याकडून नाही. शेवटी तुला एक विचारायचंय. पण आधी हे वाच.

जेवणं झाली आणि बाबा म्हणाले, छातीवर कुणीतरी बसलंय. चेहरा घामाने डबडबलेला. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, सगळ्या गाड्या बाहेर आहेत, पाऊण तास तरी लागेल. दारात आपली जुनी व्हॅन उभी होती. बाबांनी जन्मभर गावाच्या गाड्या दुरुस्त केल्या, आणि स्वतःच्या गाडीचा स्टार्टर महिनाभर बंद! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाबांना शेजारी बसवलं, गल्लीच्या उतारावर व्हॅन सोडली आणि कशीबशी चालू केली.

छापखान्याच्या कोपऱ्यावर क्लच दाबला आणि पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. केबल तुटली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ब्रेककडे पाय नेला तर बाबांनी माझा गुडघा घट्ट धरला. थांबू नको, म्हणाले, इथे बंद पडली तर ढकलणार कोण? मी म्हटलं, क्लचशिवाय गिअर कसे बदलू? तर म्हणाले, पायाने नाही बदलायचा, कानाने बदलायचा.

तुला ठाऊक आहे, गाडी त्यांनी तुला शिकवली. माझ्यावर पहिल्याच दिवशी असे खेकसले की मी कानाला खडा लावला आणि पैसे भरून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. म्हणजे बाबांकडून मी शिकले ती त्या दुपारीच. पहिल्या खेपेला त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तळवा बर्फासारखा गार. ॲक्सिलरेटर किंचित सोड, दांडा मधे, न्यूट्रलला आण, आता थांब, इंजिनचा आवाज उतरू दे. आणि मग दोन बोटांनी तिसरा गिअर आत. मारायचा नाही, ठेवायचा. खालचा गिअर हवा असेल तर उलट, दांडा मधे असताना इंजिनला जरा ओरडायला लावायचं. डोळे मिटून, छाती धरून, श्वासाश्वासाला थांबत त्यांनी हे सगळं सांगितलं.

मला कुठलं जमायला! बाजाराच्या रस्त्यावर तर प्रत्येक गिअरला लोक वळून बघतील असा खरखराट. आणि प्रत्येक खरखरीला बाबांची शेरेबाजी. त्याचे दात पाडशील. अगं, तो गिअर आहे, वैरी नाही. वर्गात पोरांवर एवढी ओरडतेस आणि गाडीला घाबरतेस? लाल दिव्यावर थांबायची सोय नव्हती. लांबूनच गोगलगायीसारखी सरकत राहिले, दिवा बदलेपर्यंत. मागच्यांनी हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. छोट्या, खरं सांगू? मला धीर येत होता तो बाबांच्या रागावण्याने. आवाज खोल जात होता, पण रागवायला जीव आहे म्हणजे आहे, असं मी मनाशी म्हणत होते.

पुलाचा चढ आला. तिसऱ्यावरून दुसरा हवा होता. मी घाईने टाकला आणि असा आवाज झाला की गिअरबॉक्स खाली पडला की काय असं वाटलं. बाबा म्हणाले, घाई नको. आवाज येऊ दे. मी पुन्हा दांडा मधे आणला, इंजिनला ओरडू दिलं, आणि दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. पुलावरून उतरताना तिसरा, पुढच्या सरळ रस्त्याला चौथा, शाळेपाशी पुन्हा तिसरा. एकही खरखरला नाही. आणि बाबा काही बोलले नाहीत. माझे डोळे रस्त्यावर, कान इंजिनवर. मला काय वाटत होतं सांगू? अभिमान वाटत होता. आयुष्यात पहिल्यांदा बाबांना माझ्यात खोड सापडत नव्हती. त्या आनंदात मी पुढचा गिअर आणखी हळुवार ठेवला.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये ब्रेक दाबला, व्हॅन गचका खाऊन बंद पडली. मी हसत वळले. पाहिलंत का बाबा, म्हटलं, पुलापासून एकदाही नाही! त्यांचं डोकं काचेला टेकलेलं होतं. डोळे मिटलेले, तसेच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून बोलत नव्हते? मी सांगितलं, पूल ओलांडल्यापासून. मग त्यांनी विचारलं, तुम्ही हाक नाही मारली? नंतर त्या म्हणाल्या, थांबून पाहिलं असतं तरी उपयोग नव्हता. असेल. सगळ्यांनाच तसं सांगत असतील. तेव्हापासून वर्गात पोरं गप्प झाली की मला त्यांच्याकडे बघवत नाही. कालही तसंच झालं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, तास संपेपर्यंत.

हे पत्र एवढ्यासाठीच. हे विचारायला तुझ्याशिवाय मला कुणी नाही. तू शिकत होतास तेव्हा गिअर नीट पडला की बाबा काय करायचे? हां म्हणायचे? शाबासकी द्यायचे? की गप्प बसायचे? गप्प बसत असतील, तर त्यातले एखाद-दोन गिअर त्यांनी ऐकले असं मी धरून चालेन. आणि काहीतरी बोलत असतील, तर तेही लिही. मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नकोस. तुझं खोटं मला तू बोबडं बोलत होतास तेव्हापासून कळतं.

तुझीच,
ताई