जिवंतांची नावे

कारधा, ३ नोव्हेंबर २००६
बहीण भावनाच्या मदतीने सामान लागले. घर अपेक्षेहून स्वच्छ निघाले. खिडकीतून वैनगंगा आणि पलीकडे भंडारा शहर दिसते. मागच्या खोलीत प्रयोगाच्या उंदरांचे पिंजरे मांडले. रुचिताने त्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या अगदी सरळ रेषेत चिकटवल्या. नऊ वर्षांच्या मुलीच्या मानाने काम निर्दोष. तिच्या बाबांचा फोटोही तिनेच टांगला. संघपालला जाऊन दोन वर्षे झाली. आज वरणावर लिंबू पिळताना तिच्या हातून बी उडून थेट माझ्या चष्म्यावर बसली, आणि आम्ही दोघी फार दिवसांनी हसलो.

९ नोव्हेंबर
स्मरणशक्तीच्या प्रयोगासाठी हवा असलेला पाला मासे विकणाऱ्या रेवताबाईने आणून दिला. दिसायला ब्राह्मीसारखा; ब्राह्मी नव्हे. तिचे म्हणणे असे, की मूल गेलेल्या आईला दुःखाचा विसर पडावा म्हणून याचा काढा सात सकाळी पाजतात, आणि घरचे जवळ बसून जिवंत माणसांची नावे घेत राहतात. ‘‘नावं नाही घेतले त मेलेल्यासंगं जिते बी जातेत, मॅडम.’’ असले पठण शास्त्रात बसत नाही. प्रयोगातून ते वगळले, हे मी तिला स्पष्ट सांगितले. तिने हसत विचारले, ‘‘बरोबर हाय. तुमच्या उंदराइले नावं कोन सांगन?’’

२१ नोव्हेंबर
निष्कर्ष उत्कृष्ट. अर्क दिलेले उंदीर चक्रव्यूहातले अन्न निम्म्या वेळात शोधतात. सर्वांत वेगवान क्रमांक सात, नुकतीच व्यालेली मादी. मात्र पिंजऱ्यात परतल्यावर ती भुशावरून चालावे तशी पिल्लांवरून चालत गेली. पिल्ले दगावली. कारण ‘इतर’ असे नोंदवले. रुचिता रडली, निरीक्षकाने रडू नये, असे मी तिला समजावले.

२५ नोव्हेंबर
आजपासून अर्क स्वतः घेते आहे. सात सकाळी, सात मात्रा. अर्क घेण्यापूर्वी चाळीस शब्दांच्या यादीतले एकोणतीस आठवले. हा आकडा मला अपमानास्पद वाटतो. शिवाय, इस्पितळातला संघपाल रोज जाग येताच समोर उभा राहतो. तेवढे पुसट झाले, तर माझी तक्रार नाही.

२८ नोव्हेंबर
अडतीस. भिंतीवर कुणा गृहस्थाचा फोटो आहे, घरमालकाचा असावा. उतरवून ठेवला. रुचिताने तो पुन्हा लावला आणि जेवली नाही.

३० नोव्हेंबर
चाळीसपैकी चाळीस.
घरात एक मुलगी आहे. शाळेच्या गणवेशात. ताटे कुठे आहेत, तिला ठाऊक आहे. माझ्या शेजारी झोपते. कोणाची, हे विचारले, तर —
रडते.

१ डिसेंबर, सकाळ
मागची पाने वाचली. अक्षर माझेच. रुचिता — कोण? माझ्या अक्षरात, माझ्या ताटात, आणि मला —
पाला फेकून द्यावा. पण सातवी मात्रा. अपूर्ण प्रयोग मला शोभत नाही.
घेतली.

दुपार
मुलीने एका बाईला ओढत आणले. मासळीचा वास. ती बाई कपाळावर हात मारून म्हणाली, ‘‘काहून नाही घेतले वं नावं? एवढी शिकलेली तू!’’ मग मुलीला माझ्यापाशी बसवले.
मुलगी नावे घेते आहे. भावनामावशी. रेवताबाई. रुचिता. रुचिता. रुचिता. चाचणीत व्यत्यय. यादी तरीही पूर्ण. चाळीस.

तिने वरण वाढले. लिंबू पिळले, मुद्दाम, माझ्याकडे धरून. बी चष्म्यावर. ती हसायला लागली — वाट पाहत —
मी काच पुसली.

आता नावेही घेत नाही. घसा बसला आहे. एकच शब्द म्हणते, पुन्हा पुन्हा, माझा पदर धरून. दोन अक्षरे. यादी तपासली. दोनदा तपासली. तो शब्द यादीत ना